रिठ्याच्या पाण्यातली काचपरी

डोंगराच्या अगदी माथ्यावर, जिथे सकाळी ढग अंगणात येऊन बसतात आणि ऊन आलं की चोरपावलांनी पळून जातात, तिथे गारमाथा नावाचं एक पिटुकलं गाव होतं. गावात लाल कौलांचे, रुंद पडव्यांचे जुने बंगले होते, बंगल्यांपुढे गुलाबाचे ताटवे होते, आणि बाजाराच्या टोकाला, दवाखान्याच्या पायरीशी, एक फाटकी सतरंजी होती. त्या सतरंजीवर पोवळी आणि तिची आई अनसूया बसायच्या.

पोवळी हे तिचं खरंच नाव होतं, बरं का. ती जन्मली त्या सकाळपर्यंत तिची आई पोवळ्यांची माळ गाठवत होती. माळेची शेवटची गाठ बसली आणि तासाभरात पोर ट्यांहां करून रडली. मग दुसरं नाव शोधायला जायचं कशाला?

अनसूया पटवेकरीण होती. सोनार दागिना घडवतो, पण त्याचे मणी रेशमात ओवून, गाठी मारून, मागे झुबकेदार गोंडा लावून तो गळ्यात घालण्याजोगा करते ती पटवेकरीण. अनसूया पायाच्या अंगठ्याला रेशमाचा दोरा अडकवायची, ताणून धरायची, आणि मग तिची बोटं अशी भराभर चालायची की बघणाऱ्याचे डोळे थकावेत. पोवळीचा बाप ती दोन वर्षांची असतानाच तापानं गेला होता. घरात कधी एकच भाकरी असली की आई म्हणायची, "मला भूक नाही." पोवळी म्हणायची, "माझंसुद्धा पोट भरलंय." आणि बिचारी भाकरी दोघींच्या तोंडाकडे बघत ताटातच बसून राहायची.

त्यांच्याकडे एकच गोष्ट भरपूर होती, ती म्हणजे नाव. अनसूयेच्या हातात माळ दिली की मणी मोजून परत घ्यावे लागत नाहीत, असं सगळा गारमाथा म्हणायचा. आणि हे नाव फार नाजूक असतं. 'हिनं खडा बदलला' एवढे तीन शब्द एकदा कुणी उच्चारले, की मग पटवेकरणीच्या सतरंजीकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही.

एके दिवशी गुलाबबंगल्याच्या मेहेरबाई काठी टेकत टेकत बाजारात आल्या. मेहेरबाई पारशी होत्या, सत्तरीच्या, गोऱ्यापान आणि गोड. त्यांच्या नातीचं, रोशनचं, रविवारी लग्न होतं.

"अनसूया, हे मोती गाठवून दे," त्या म्हणाल्या. "आणि ह्याला जरा उजळून दे. रोशनच्या साडीला मी माझ्या हातानं लावणार आहे."

त्यांनी मखमली डबी उघडली आणि पोवळीच्या तोंडाचा आ झाला. डबीत एक फुलपाखरू होतं! सोनेरी अंगाचं, पंखांवर सात खड्यांचं. एक लालचुटूक, एक हिरवागार, एक निळाशार, एक हळदीसारखा पिवळा, एक जांभळा, एक गुलाबी, आणि मधोमध एक पांढराशुभ्र. फुलपाखराच्या पोटाखाली केसाएवढी बारीक स्प्रिंग होती. पोवळीनं नुसता श्वास सोडला, तर ते इवलेसे पंख थरथरले.

"हिरेमाणकं आहेत, हां," मेहेरबाई म्हणाल्या. "माझ्या बपईजीला, म्हणजे आजीला, एका इंग्रज मडमेनं विलायतेला परत जाताना दिलेलं. मडमेच्या तान्ह्या मुलीला देवी आल्या होत्या, तर माझ्या बपईजीनं चाळीस दिवस तिला मांडीवर घेऊन काढले. मुलगी वाचली. आमच्या घरात ह्याच्याहून मोठी वस्तू नाही बघ, पोरी."

अनसूयेनं डबी कपाळाला लावून ठेवून दिली. पण गाठवायचं रेशीम संपलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रेशीम आणायला डोंगराखालच्या आठवडी बाजाराला निघाली. "दाराला कडी लाव. डबी पेटीतच राहू दे. मी आले की बघू," असं सांगून ती गेली.

आता पोवळी मुळीच वाईट मुलगी नव्हती. तिच्या मनात एवढंच आलं की आई दमून येईल, पाय दुखत असतील, आणि तरी रात्री डोळे ताणून बसेल. निदान फुलपाखरू आपण उजळून ठेवलं तर? दागिने कसे उजळायचे हे तिला पाठ होतं. बांगड्या, नथी, मोहनमाळा, सगळं आई एकाच गोष्टीनं लख्ख करायची. रिठ्याच्या पाण्यानं!

पोवळीनं रिठे फोडले, कोमट पाण्यात कुसकरले, घुसळघुसळ घुसळले. वाडगाभर पांढरा फेस आला. त्यात तिनं फुलपाखरू अलगद सोडलं, मऊ ब्रशानं पंख चोळले, पोट चोळलं, पाठ चोळली, आणि खिडकीत उन्हाला ठेवून दिलं. क्षणभर ते असं झगमगलं की भिंतीवर सात रंगांचे ठिपके नाचले. पोवळीनं टाळ्या वाजवल्या.

मग ठिपके फिके झाले. लाल खडा मळकट दिसू लागला, मग हिरवा, मग पिवळा. दुपारपर्यंत फुलपाखराचे सगळे पंख कंदिलाच्या काजळलेल्या काचेसारखे काळेकुट्ट पडले. पोवळीनं फडक्यानं पुसलं, झग्याच्या टोकानं पुसलं, हातानं पुसलं. काळं काही जाईना. ते खड्यांच्या आत होतं.

अनसूया आली, तिनं पाहिलं, आणि रेशमाची पुडी तिच्या हातातून गळून पडली. तिनं पोवळीला मारलं नाही. ती नुसती खाली बसली.

"आई, मी एकही खडा काढला नाही गं. शप्पथ!"

"मला ठाऊक आहे, बाळ. पण लोकांना कसं ठाऊक असणार? झगमगते हिरे दिले आणि काळे खडे परत आले, तर कुणीही हेच म्हणणार की हिनं बदलले." अनसूयेनं डोळे पुसले. "उद्या मी जाईन आणि सांगेन की माझ्याच हातून झालं. तुझं नाव नको यात. तुला अजून सगळं आयुष्य काढायचंय ह्या गावात."

पोवळीच्या मनात काटा रुतला. चूक आपण करायची आणि नाव आईचं जायचं? हे काही बरोबर नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी आई झऱ्यावर पाण्याला गेली, तशी पोवळीनं डबी फडक्यात गुंडाळली आणि धूम पळत सुटली, ती थेट गुलाबबंगल्याच्या बागेत.

बागेत धुकं होतं, दुधासारखं दाट. पोवळी एका जुन्या, कोरड्या कारंज्याच्या कठड्यावर टेकली. पुढे पाऊल उचलवेना. तिनं डबी उघडली आणि फुलपाखराकडे बघून तिला हुंदका फुटला.

"आच्छी!"

पोवळीनं दचकून इकडेतिकडे पाहिलं.

"आच्छी! आच्छी! अगं रडतेस काय वरून? अजून पाणी? आधीच घरभर तळं झालंय माझ्या!"

मधल्या पांढऱ्या खड्यातून कुणीतरी बाहेर येत होतं. आधी एक चिमुकला पाय, मग ओला झगा, मग जाईच्या कळीएवढं डोकं. ती एक इटुकली परी होती! झगा सात रंगांचा, पण पार निथळत होता. पंख पाठीला चिकटलेले. नाक मात्र थंडीनं डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल झालं होतं.

"कुणी कुणाच्या घरात रिठ्याचं पाणी सोडतं का?" परी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "माझ्या चांदीच्या गाद्या! शंभर वर्षांहून जास्त वापरल्या, पण कधी डाग पडला नव्हता."

"गाद्या?" पोवळीनं डोळे पुसले.

"प्रत्येक खड्याच्या पाठीशी चांदीचा पातळ वर्ख असतो, राणी. उजेड आत येतो, त्या वर्खावर उडी मारतो आणि हसत बाहेर पडतो. तीच आमची चमक. वर्खाला पाणी लागलं की तो काळा पडतो. मग उजेड आत येतो आणि तिथेच झोपून जातो."

"पण हिऱ्यांना कशाला लागतो वर्ख? तू हिऱ्यांची परी ना?"

"हिऱ्यांची?" परीला इतकं हसू आलं की ती पुन्हा शिंकली. "हिऱ्यांच्या पऱ्यांची नाकं कायम आभाळात. त्या तुझ्याशी बोलल्या असत्या होय? मी काचपरी. इथले सातही खडे काचेचे आहेत. दूर देशात एक म्हातारा कारागीर होता. वाळू वितळवून त्यानं ही काच केली, दिव्याजवळ बसून एकेक पैलू पाडला, शेवटच्या पैलूला 'छान जमलं!' असं म्हणाला, आणि त्या दोन शब्दांतून मी जन्मले."

पोवळीनं खड्यांकडे पुन्हा निरखून पाहिलं. मेहेरबाई तर ह्यांना हिरे समजतात!

परी थंडीनं कुडकुडत होती. तरी ऐटीत म्हणाली, "बरं, ऐक. पाणी शिरलं तरी माझ्याकडे तीन ठिणग्या वाचल्यात. एक हिरव्या खड्यात, एक लाल खड्यात, एक निळ्या खड्यात. म्हणजे तुझी तीन मागणी. पण काचपरीचे नियम असतात. पहिला, जे मागशील ते माझ्या मुठीत मावलं पाहिजे. दुसरा, काचेचा हिरा होणार नाही. जे आहे ते आहे. तिसरा, कुणाचं मन मी फिरवणार नाही. मन मुठीत मावत नाही, मी करून पाहिलंय. आणि हो, माझं नाव कुणाला सांगायचं नाही. परीनं सांगितलं म्हटलं की मोठी माणसं हसतात. आता माग."

तुम्ही काय मागितलं असतं? पोवळीनं परीकडे पाहिलं. परीचे ओठ निळे पडले होते, आणि पंखांच्या टोकांवरून टप टप पाणी गळत होतं.

"आधी तुझे पंख वाळू देत," पोवळी पटकन म्हणाली.

"अगं वेडे! अगं, ते नव्हे..." पण मागणं ते मागणं. हिरव्या खड्यातली ठिणगी टिचकन उडाली आणि परीचे पंख फर्रकन उघडले. कोरडे, झुळझुळीत, धुक्यातही चमचमणारे. परी एक गिरकी घेऊन परत आली तेव्हा तिला जरा शरमल्यासारखं झालं होतं.

"शंभर वर्षांत कुणी माझ्यासाठी काही मागितलं नव्हतं," ती हळूच म्हणाली. मग पोवळीच्या कानाशी येऊन बसली. "ऐक, तुला एक युक्ती सांगते. खडे पूर्वीसारखे चमकू देत, असं माग. रविवार संध्याकाळपर्यंत मी ते चमकते ठेवू शकते. तेवढं मुठीत मावतं. लग्न होईल, दागिना रोशनकडे जाईल, तुझी आई सुटेल. कुणाला काही कळायचं नाही."

पोवळीचा चेहरा उजळला. मग ती विचारात पडली.

"आणि सोमवारी?"

"सोमवारी काळे."

"म्हणजे रोशनताईच्या सासरी? मग ते म्हणतील, हिनं बदलले. नाहीतर म्हणतील, हिच्या आजीनं खोटे दिले." पोवळीनं मान हलवली, जोरात, दोनदा. "नको. तो आळ मला ठाऊक आहे कसा असतो. कालपासून आमच्या घरात बसलाय तो. मी खरं तेच सांगते."

परी पांढऱ्या खड्यात शिरली, आणि पोवळी डबी घेऊन पडवीच्या पायऱ्या चढली.

पडवीत मेहेरबाई चहा पीत बसल्या होत्या. शेजारी त्यांची नणंद फ्रेनीबाई होती, लग्नासाठी मुंबईहून आलेली. फ्रेनीबाई उंच, ताठ, आणि जिभेची कात्री अशी धारदार की विचारू नका.

पोवळीनं डबी टेबलावर ठेवली. "बाई, माझ्या हातून चूक झाली. आई घरात नव्हती. मी रिठ्याच्या पाण्यात हे धुतलं आणि हे काळं पडलं."

मेहेरबाईंनी डबी उघडली. कप बशीवर किणकिणला.

फ्रेनीबाईंनी मात्र चष्मा चढवला. "पाण्यानं हिरे काळे होतात? कधी ऐकलंय कुणी? मेहेर, उघड आहे. खडे बदलले!"

बघा, पडले की नाही ते शब्द! आणि नेमक्या त्याच क्षणी पायऱ्यांवर अनसूया उभी होती, धापा टाकत, केस विस्कटलेले. लेक घरात नाही म्हणताच ती धावत आली होती. ते शब्द तिनं ऐकले आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"बाई, पोरीचं काही नाही यात. माझ्याच हातून धुतलं गेलं," ती हात जोडून म्हणाली.

"आई खोटं बोलतेय!" पोवळी ओरडली. "ती कधीच खोटं बोलत नाही, म्हणून तिला नीट जमतसुद्धा नाही. मी धुतलं. आणि बाई..." पुढचं वाक्य फार जड होतं. "बाई, हे हिरे नाहीत. काच आहे. पहिल्यापासून."

"वा! चोराच्या उलट्या बोंबा!" फ्रेनीबाई कडाडल्या.

मेहेरबाईंचे डोळे भरून आले. रागापेक्षा त्यांना दुखलं होतं जास्त. "पोरी, तू काळं केलंस ते मी सोसलं असतं," त्या म्हणाल्या. "पण माझ्या बपईजीला कुणी काच देऊन फसवलं, असं नको म्हणू. अनसूया, हिला घेऊन जा तू. मोतीही ठेवून जा."

अनसूयेनं कमरेची पिशवी सोडली आणि मोत्यांची पुडी टेबलावर ठेवली. पोवळीनं आईचे हात पाहिले आणि तिला वाटलं, ह्या हातांत आता कुणी कधी माळ देणार नाही.

तिनं फुलपाखराकडे पाहिलं. मन फिरवता येत नाही. काचेचा हिरा होत नाही. पण जे आहे ते आहे, असं परी म्हणाली होती ना? मग जे आहे ते निदान दिसू तरी दे!

"ह्याच्या आत जे असेल ते बाईंना दिसू दे," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

लाल खड्यातली ठिणगी टिचकन उडाली. फुलपाखराच्या पाठीवर, जिथे नुसता सोन्याचा पत्रा आहे असं सगळ्यांना वाटायचं, तिथे एक झाकण टक् करून उघडलं.

सगळ्यांनी माना पुढे काढल्या, फ्रेनीबाईंनीसुद्धा. झाकणाच्या आत बोटाच्या नखाएवढी काच होती, आणि त्या काचेखाली एक इवलीशी वेणी होती. दोन बटांची. एक बट तान्ह्या बाळाच्या केसांची, मऊ आणि सोनेरी. दुसरी काळीभोर. दोन्ही एकमेकींत गुंफून निळ्या रेशमानं बांधलेल्या. आणि झाकणावर मुंगीच्या पावलांसारखी बारीक इंग्रजी अक्षरं कोरली होती.

मेहेरबाईंनी भिंग आणवलं. त्या वाचू लागल्या आणि वाचता वाचता मराठीत सांगू लागल्या. "'माझ्या आवाबाईस. माझ्यापाशी हिरे नाहीत. खडे काचेचे आहेत. पण केस माझ्या ईडिथचे आहेत, आणि तू तिला मांडीवर घेऊन बसलीस तेव्हा तिनं मुठीत धरून तोडलेले तुझे. माझ्याजवळचं सर्वांत मोलाचं ते हेच.'"

बाहेर एक बुलबुल गुलाबावर बडबडत होता.

"बपईजी हे कधी अंगावर घालायचीच नाही," मेहेरबाई हळूहळू म्हणाल्या. "रोज संध्याकाळी डबीतून काढायची आणि गालाला लावून बसायची. आम्ही पोरं हसायचो तिला. हिरे हिरे तर आम्हीच म्हणत आलो. ती कधी म्हणाली नव्हती." मग त्यांनी ते फुलपाखरू उलटं करून आपल्या सुरकुतलेल्या गालाला लावलं आणि त्या लहान मुलीसारख्या रडल्या.

रडून झाल्यावर त्यांनी पोवळीला जवळ ओढलं. "डिकरी, माझ्या लेकी, तू बोलली नसतीस तर मी हे न बघताच मेले असते. माफ कर मला. आणि अनसूया, तूसुद्धा." फ्रेनीबाईंची जीभ एवढा वेळ कुठे गेली होती कोण जाणे. त्या उठल्या, स्वतःच्या हातानं चहा ओतला, आणि कप अनसूयेच्या पुढे धरून म्हणाल्या, "बाई, माझं चुकलं. बस ना. तुझ्यासाठीच केलाय." चहा काही त्यांनी केला नव्हता, पण आज ते कुणी बोलून दाखवलं नाही.

"पण रविवार तोंडावर आला," मेहेरबाई काळ्या पंखांकडे बघत म्हणाल्या. "माझी पोर असलं काळं फुलपाखरू लावणार?"

अनसूया जवळ सरकली. उघड्या झाकणातून, वेणीच्या दोन्ही बाजूंना, खड्यांची पाठ दिसत होती, काळे पडलेले वर्खाचे तुकडे दिसत होते. पोवळीनं आईच्या कानात काहीतरी सांगितलं. उजेड, उडी, गादी असलं काहीतरी. अनसूयेचे डोळे चमकले. "बाई, गोंड्यात गुंफायची चपटी चांदीची जर असते माझ्याकडे. आरशासारखी. बसवून बघू?"

दोन दिवस मायलेकी गुलाबबंगल्याच्या पडवीत बसल्या. अनसूयेनं चिमट्यानं जुना वर्ख सोडवला. जरीचे तिळाएवढे तुकडे कापून, घासून, एकेका खड्यामागे निगुतीनं बसवले. वेणीचं निळं रेशीम विरलं होतं, तिथे तिनं नव्या रेशमाची अशी गाठ मारली की गाठ दिसूच नये. पोवळी चिमटा धरायची, फुंकर घालायची, आणि पाण्याचा तांब्या चार हात लांब ठेवायची. एकेक खडा जागा झाला. लालचुटूक, हिरवागार, हळदीपिवळा. शेवटी पांढरा. त्या खड्यातून बारीकसा आवाज आला, "अहाहा! नवी गादी!" पण तो पोवळीलाच ऐकू आला.

रविवारी बाग कशी सजली होती म्हणून सांगू! दारोदारी शुभाचे म्हणून काढलेले चुन्याच्या रांगोळीचे मासे, झेंडूची तोरणं, मोगऱ्याच्या माळा. पाहुणे यायच्या आधी पोवळी डबी घेऊन कारंज्याच्या कठड्यावर बसली होती. परी बाहेर आली. आज तिचा झगा असा झळकत होता की बघताना डोळे मिचकवावे लागत.

"अजून एक मागणं उरलंय तुझं," ती म्हणाली. "निळ्या खड्यातलं. ह्या वेळी नीट विचार कर, बाई."

पोवळीनं विचार केला. महाल मुठीत मावत नाही. झगा मावेल, घडी घातली तर. जिलबी तर आरामात मावेल! तिला हसू आलं. मग तिनं पडवीकडे पाहिलं. पांढऱ्या साडीतली रोशन एका खांबाला टेकून उभी होती आणि बागेकडे असं बघत होती, जणू ती डोळ्यांत भरून न्यायची आहे.

"रोशनताई उद्या फार लांब जाणार आहे," पोवळी म्हणाली. "तिथे तिचं ओळखीचं कुणी नाही. ते मागणं निळ्या खड्यातच राहू दे. तिला कधी रडू आलं तर तिच्या कामी येईल."

"आणि तुला?"

"मला तू भेटलीस की. काच असलीस म्हणून काय झालं? तू किती छान आहेस!"

परीचे ओठ थरथरले, अगदी फुलपाखराच्या पंखांसारखे. "लोक मला छान म्हणायचे, पण हिरा समजून," ती म्हणाली. "काच म्हणून ओळखून छान म्हणणारा एक तो म्हातारा कारागीर, आणि आता तू." तिनं आपले चिमुकले ओठ पोवळीच्या बोटाच्या टोकावर टेकवले. तिथे मुंगी चावल्याएवढी ऊब आली. "हे मागणं नव्हे, हे माझं देणं. आता कुठलाही खडा ह्या बोटाला खोटं सांगणार नाही."

मग धुक्यातून पहिलं ऊन आलं. परीनं दोन्ही हात पसरले, आणि ती उजेडच झाली. लाल, हिरवा, निळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, पांढरा! कारंज्यावर, गुलाबांवर, पोवळीच्या झग्याच्या ठिगळांवर रंगांचे ठिपके भिरभिर नाचले, आणि एक एक करून विझले. कठड्यावर नुसतं ऊन उरलं. डबीत फुलपाखरू हलकेच थरथरत होतं.

लग्नात मेहेरबाईंनी आपल्या हातानं ते फुलपाखरू रोशनच्या खांद्याशी, साडीच्या पदराला लावलं. पाहुणे वाकून वाकून बघू लागले. "काय हिरे आहेत!" कुणी म्हणालं.

"हिरे? छे!" मेहेरबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "काच आहे, काच! आमच्या घरात ह्याच्याहून मोठी वस्तू नाही. आणि ही चमक आमच्या अनसूयेच्या हातची." रोशननं हळूच ते फुलपाखरू हातात धरलं, वाकून गालाला लावलं, आणि पोवळीकडे बघून हसली.

त्या दिवसापासून दवाखान्याच्या पायरीजवळची सतरंजी उठली. गुलाबबंगल्याच्या पडवीचा पूर्वेचा कोपरा, जिथे दिवसभर ऊन असतं, तो मेहेरबाईंनी मायलेकींना बसायला दिला. गारमाथ्याच्या सगळ्या बंगल्यांतून जुन्या डब्या तिथे येऊ लागल्या. पोवळी प्रत्येक खड्याला आधी बोट लावायची आणि सांगायची, "हा खरा. ही काच, पण सुरेख. आणि ह्याला पाणी नको हं, आत वर्ख आहे!" एकदाही ती चुकली नाही. आता भाकऱ्या चांगल्या चार-चार असायच्या, आणि दोघींना भूकही सपाटून लागायची.

पण गावभरच्या डब्या येऊ लागायच्या आधी, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, मेहेरबाई काठी टेकत पडवीत आल्या होत्या. त्यांच्या मागून गड्यानं त्यांची अख्खी दागिन्यांची पेटी आणून अनसूयेच्या पुढ्यात ठेवली. मोती, पोवळी, सोन्याचे मणी, सगळं मोकळंच.

"हे सगळं गाठवून दे, अनसूया," मेहेरबाई म्हणाल्या.

"मोजून देता ना, बाई? किती मणी आहेत ते?"

"तुझ्या हातात देताना कोण मोजतं?" असं म्हणून मेहेरबाई वळल्या आणि चहा प्यायला निघूनसुद्धा गेल्या. अनसूयेनं पदर डोळ्यांना लावला. मग पायाच्या अंगठ्याला रेशमाचा दोरा अडकवला, ताणून धरला, आणि लेकीला म्हणाली, "पोवळे, पहिला मणी तू ओव."

मणी बसला रेशमात, ठिणगी बसली निळ्या खड्यात, आणि गोष्ट येऊन बसली तुमच्या मुठीत. मावते ना?